खर्डा दाखवायला काय हरकत आहे?

मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"मी ५३ वर्षांची. एका सहकारी बँकेत २७ वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बचत गटांतल्या बायकांना नीट हिशेब शिकवावा ही फार दिवसांची इच्छा, म्हणून ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा समाजविकासाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम ऑनलाइन करते आहे. पाच जणांचा गट करून प्रकल्प करायचा असतो. आमच्यात दोघं ग्लासगोचे, एक नैरोबीची, एक घानातल्या आक्राचा आणि मी. बाकीचे सगळे तिशीच्या आसपास. विषय आहे बँकेबाहेरची बचत. मीटिंग सोमवारी, त्यांच्या रात्री ८ वाजता, म्हणजे माझ्याकडे १२:३०. मी ऐकत बसते. मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस एका सोमवारी वेळेवर लिंक उघडली तर कोणीच नाही. चाळीस मिनिटं एकटी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी टिपणात माझ्या नावापुढे 'गैरहजर'. त्याच आठवड्यात भिशीवर लिहिलेला माझा परिच्छेद सगळ्यांच्या फाइलमधून काढून टाकला. ग्लासगोची मुलगी म्हणाली, हा किस्सा आहे, पुरावा नाही. त्यानंतरच्या दोन मीटिंगना मी गेले नाही. पुढच्या सप्टेंबरपासून चार महिने ग्लासगोला जाऊन राहायचं आहे. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई. हे म्हणतात, झेपत नसेल तर सोडून दे. सोडू का?"

प्रिय ताई,

आधी त्या सोमवारचं बोलू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात दुखरं तेच आहे. तुम्हाला कोणी टाळलेलं नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. त्यांच्या उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. आदल्या सोमवारपर्यंत ग्लासगोचे ८ म्हणजे मुलुंडचे १२:३० होते, त्या सोमवारी ते १:३० झाले. तुम्ही १२:३० ला आलात, १:१० च्या सुमारास लॅपटॉप मिटलात, आणि ते सगळे त्यानंतर वीस मिनिटांनी जमले. त्यांच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत.

ग्लासगोच्या मुलांना हे घड्याळ लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. दुसऱ्याला सांगावं लागतं हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. पण ताई, दुसऱ्या दिवशी तुम्ही गटाला एक ओळ टाकली असतीत, "मी १२:३० ला आले होते, कोणी नव्हतं, काय झालं?" तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. ती ओळ तुम्ही टाकली नाहीत. का टाकली नाहीत हे मला चांगलं कळतं, कारण तुमच्या जागी मीही कधी काळी गप्प बसले होते.

मी ४६ व्या वर्षी पुन्हा शिकायला लागले. पहिलं वर्ष पार्ल्यातल्या घरातून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, आणि शेवटचे आठ महिने उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात. पहिल्याच गटप्रकल्पात माझ्या वाट्याला एक प्रकरण आलं. मी तीन आठवडे त्यावर बसले. वाचलं, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. गटात रोज निरोप यायचे, कुणी चार ओळी टाकायचं, कुणी नुसता प्रश्न. मला वाटायचं, हे काय अर्धंकच्चं पाठवतात! आपण द्यायचं ते नीट द्यायचं. शेवटच्या दिवशी मी बारा पानं पाठवली. तोपर्यंत त्यांनी ते प्रकरण वेगळ्या पद्धतीने लिहून टाकलं होतं, आणि शिक्षकांना कळवलं होतं की ही बाई काही करत नाही. त्या बारा पानांतली एकही ओळ वापरली गेली नाही. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

त्या वेळी वाटलं, हा अन्याय आहे. आज वाटतं, त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून त्यांनी बरोबरच अंदाज बांधला. वर्गात गप्प बसणारी बाई दिसते तरी. मान हलवते, वहीत लिहिते, तिच्याकडे बघून शेजारणीला कळतं की हिला काहीतरी म्हणायचंय. स्क्रीनवर गप्प माणूस आणि न आलेला माणूस यांत काहीच फरक नसतो. तुम्ही रात्री जागून वाचता, सासूबाईंना औषध देता देता मनात परिच्छेद रचता, हे नैरोबीला किंवा ग्लासगोला कुठून कळणार? त्यांना फक्त रिकामी जागा दिसते.

आणि आपल्याला शिकवलेलं असतं की अपुरं दाखवू नये. तुम्ही तर २७ वर्षं बँकेत काढलीत. व्हाउचरवर खाडाखोड चालत नाही, दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. ही शिस्त मोठी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण बँकेतसुद्धा पक्क्या नोंदीच्या आधी एक खर्डा असायचाच ना? फरक एवढाच की तो तुमच्या टेबलावर राहायचा, बाहेर जायचा नाही. गटात काम करायचं म्हणजे तो खर्डा बाहेर ठेवायचा. चार ओळी, एक शंका, एक आकडा, "हे मला अजून नीट कळलं नाहीये" असं स्पष्ट लिहिलेलं. तुमच्या पत्राला माझं उत्तर मुळात हेच आहे. बाकी जे लिहिते आहे ते याच्या आजूबाजूचं.

आता भिशी. इथे मी तुम्हाला थोडं रागावणारही आहे.

ग्लासगोची मुलगी "किस्सा" म्हणाली ते ऐकायला बोचलं असेल, पण तिचं अर्धं म्हणणं खरं असू शकतं. तुम्ही परिच्छेद पाठवला नाहीत, मला तो पाहता आला नाही, पण "आमच्या सोसायटीतल्या बायका मिळून भिशी लावतात आणि त्यातून अडीअडचणीला मदत होते" अशा धर्तीचा असेल, तर ज्याने भिशी पाहिलीच नाही त्याच्या हाती त्यातून काय लागणार? बँकेतल्या बाईने लिहावं तसं लिहा. बारा जणी, दरमहा प्रत्येकीचे १,००० रुपये, महिन्याला १२,००० एकीच्या हातात. नंबर चिठ्ठीने निघतो की कुणाच्या घरचं लग्न बघून आधी दिला जातो? पहिला नंबर लागलेली बाई खरं तर बिनव्याजी कर्ज घेते आणि शेवटची बिनव्याजी ठेव ठेवते, हे बायकांना माहीत असतं का, असेल तर त्या कशा मान्य करतात? एखादीने चौथ्या महिन्यानंतर पैसे देणं थांबवलं तर काय होतं? ही सगळी माहिती तुमच्या डोक्यात आहे. ती आकड्यांत आणि प्रश्नांत मांडलीत की तिला किस्सा म्हणता येणार नाही. बायकांची नावं मात्र घालू नका, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारा. त्या अनोळखी असत्या तर विचारलं असतंच, ओळखीच्या आहेत म्हणून गृहीत धरायचं नाही.

पण तिचं उरलेलं अर्धं चूक आहे, आणि ते तुम्ही तिला सांगायला हवं. तुमच्या गटात बघा कोण बसलंय! केनियात 'चामा' असतो. बायका, शेजारी, सहकारी मिळून पैसे जमवतात, आणि पुष्कळ ठिकाणी आपल्या भिशीसारखा एकेकीला नंबराने गल्ला मिळतो. घानात 'सुसू' आहे. तिथे गोळा करणारा माणूस बाजारात रोज फिरतो, विक्रेतीकडून रोज ठरलेली रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो आणि महिन्याच्या शेवटी एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवून बाकीची परत देतो. हे वाचताना तुम्हाला कोण आठवलं? पिग्मीवालाच ना? सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, आणि मग दुकानादुकानांतून रोज थोडे थोडे पैसे गोळा करणारे एजंट कितीतरी बँकांचे झाले. तुम्ही काऊंटरच्या आतल्या बाजूने त्यांचे हिशेब पाहिले असणार. म्हणजे आक्राच्या मुलाला जे रस्त्यावरून माहीत आहे ते तुम्हाला लेजरमधून माहीत आहे. ग्लासगोतही क्रेडिट युनियन आहेत, सभासदांनी सभासदांसाठी चालवलेल्या, आपल्या पतपेढ्यांच्या जवळच्या. पाच जणांच्या या गटात चारही ठिकाणची बचत समोरासमोर ठेवता येईल, आणि तीत भिशी नसेल तर तुमच्या प्रकल्पाचा एक पायच नाही.

तेव्हा नैरोबीच्या मुलीला एकटीला निरोप पाठवा. फार सजवू नका. "आमच्याकडे भिशी असते, तुमच्या चामात नंबर कसा ठरतो?" एवढंच विचारा. मीटिंगमध्ये पाच जणांसमोर बोलणं अवघड जातं, पण एकीला लिहून विचारणं सोपं असतं. माझ्या वेळी माझं गटातलं तोंड उघडलं ते असंच, एका मुलीशी झालेल्या लिखित गप्पांमधून. पुढच्या मीटिंगमध्ये तीच म्हणाली, "याबद्दल हिला विचारा."

काढून टाकलेला परिच्छेद गेलेला नाही. फाइल गूगल डॉक्सवर असेल तर व्हर्जन हिस्टरीत जुना मजकूर असतो, कोणी काय कधी काढलं तेही दिसतं. परत काढा, दुरुस्त करा, आणि गटाला सुचवा की यापुढे दुसऱ्याच्या लिखाणात बदल सजेशन मोडमध्येच करायचे, म्हणजे ज्याचं त्याला दिसेल आणि तो हो किंवा नाही म्हणू शकेल. हे भांडण नाही, कामाची रीत आहे. तुम्ही बँकेत दुसऱ्याच्या व्हाउचरवर सही न घेता फेरफार होऊ दिला असतात का?

रात्री १:३० ची मीटिंगही बदलून मागा. आक्रा हिवाळ्यात ग्लासगोच्याच वेळेवर असतं आणि नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे. शनिवारी ग्लासगोच्या दुपारी २ वाजता भेटलात तर आक्रातही २, नैरोबीत ५ आणि तुमच्याकडे संध्याकाळचे ७:३०. मार्चअखेरीनंतर तुमचे ६:३० होतील. आता सोमवारी नैरोबीची मुलगी रात्री ११ वाजता बसते आहे, तीही मनातून सुटकेची वाट बघत असेल. "या वयात जागरण होत नाही" असं कारण मात्र देऊ नका. वेळांचा तक्ता करून पाठवा. तो तक्ताच बोलेल, आणि गटाला तुमच्याकडून आलेली ती पहिली उपयोगी वस्तू असेल.

वयाबद्दल तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंत (छापताना मी एकदाच ठेवलं). डॉ. आंबेडकरांची १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मग इथे आपल्या मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या खेपेला जसाच्या तसा स्वीकारला नाही, बदल करायला सांगितले. ते त्यांनी मुंबईत बसून केले, प्रबंध समुद्रामार्गे परत पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. केवढा माणूस, केवढा अभ्यास, तरी परत आलेला कागद पुन्हा लिहावाच लागला. तुमचा एक परिच्छेद परत आलाय, ताई. तो त्याच मुंबईतून पुन्हा पाठवायचाय, आणि बोटीची वाट बघायची नाही.

ग्लासगोचं आता. चार महिन्यांचा प्रश्न तुम्ही "घरी सासूबाई" एवढ्या दोन शब्दांत संपवलात, म्हणजे घरात अजून त्यावर बोलणंच झालेलं नाही असं मी धरते. इथेही तेच करताय. सगळं मनात जुळवून, स्वयंपाकाच्या बाईपासून रात्रीच्या सोबतीपर्यंत सगळं पक्कं करून मगच यजमानांसमोर ठेवणार. नका करू. आत्ता, दहा महिने हातात असताना, कच्चा बेत सांगा. सासूबाईंसमोरच सांगा. त्यांच्या माघारी त्यांच्याबद्दल ठरवू नका. कदाचित त्या स्वतःच एखादं नाव सुचवतील, लेकीकडे महिनाभर जाईन म्हणतील, किंवा नाहीच म्हणतील. नाही म्हणाल्या तरी ते आज कळलेलं बरं, ऑगस्टमध्ये तिकीट काढल्यावर नको. तुमचे यजमान "झेपत नसेल तर सोड" म्हणतात तेव्हा तेही रात्री दीडला निळ्या उजेडात बसलेली थकलेली बायको बघून म्हणत असतील. भिशीच्या प्रश्नावर तुमचे डोळे कसे चमकतात ते त्यांनी कुठे पाहिलंय? त्यांना तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवा.

परदेशी राहण्यातली सगळ्यात कठीण गोष्ट थंडी नाही. ग्लासगोला डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडत नाही, त्याची मनाची तयारी करून जा, दुपारी जेवल्यावर लगेच बाहेर पडून चालून या. पण कठीण असतं ते फोनवर रोज "सगळं छान आहे" म्हणणं. मी पहिले सहा आठवडे तेच म्हणत होते. खोलीत एकटी वरण-भात खायची, सामायिक स्वयंपाकघरात कोणी नसेल तेव्हाच जायची. एकदा रात्री आमटीला फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजली. सगळी इमारत खाली अंगणात, कडाक्याच्या थंडीत, कोणी अंघोळीतून तसंच आलेलं. मला रडू आवरेना. शेजारच्या खोलीतल्या पोलंडच्या बाईने काही न विचारता स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली. तिने विचारलं, काय शिजवत होतीस? मी सांगितलं, आणि दर गुरुवारी आम्ही एकत्र जेवायला लागलो. मी सहा आठवडे तिच्या भिंतीपलीकडे राहत होते आणि तिला वाटत होतं की मला एकटीलाच राहायला आवडतं!

तेव्हा पहिल्याच आठवड्यात दार ठोठवा. काही मागायचं नसलं तरी मीठ मागा. फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार लावून. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून न्या. पाण्याची काळजी नको, तिकडे नळाचं पाणी पितात आणि ते मऊ असतं, चहा सुरेख होतो. ग्लासगोला ते पाणी १८५९ पासून लॉख कॅटरिन या तळ्यातून येतं. आपल्या मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये मिळालं, म्हणजे ही दोन शहरं एकाच सुमारास नळाला लागली. तिथली भुयारी रेल्वे १८९६ ची आहे, फक्त १५ स्थानकांची, आणि गोल फिरते. हरवलात तरी बसून राहिलं की पुन्हा आपल्याच स्थानकावर येता. मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत गर्दीत उभ्याने गेलेल्या बाईला ती खेळण्यातली गाडी वाटेल. भाषेचं म्हणाल, तर ग्लासगोकरांचे उच्चार लंडनकरांनाही पटकन कळत नाहीत. "पुन्हा सांगा" म्हणायला लाजू नका. तुमच्या काऊंटरवर खातेदार म्हणायचेच की.

सोडायचा की नाही हे मी तुमच्यासाठी ठरवणार नाही. सासूबाईंची तब्येत, पैसे, यजमानांची साथ, हे सगळं तुम्हाला जवळून दिसतं, मला नाही. पण चुकलेल्या घड्याळावरून आणि एका खोडलेल्या परिच्छेदावरून सोडू नका. आधी तीन निरोप जाऊ द्या: गटाला त्या सोमवारचा खुलासा आणि वेळांचा तक्ता, नैरोबीला चामाचा प्रश्न, आणि घरात सप्टेंबरचा बेत. पहिला आज रात्रीच पाठवा. इंग्रजी तपासायला मुलाला देऊ नका, तो सुट्टीच्या दिवसापर्यंत ठेवून देईल.

आणि भिशीचा परिच्छेद मलाही वाचायचा आहे. माझ्या वाड्यातल्या बायका सोन्याची भिशी लावायच्या, तिच्यात नंबर कसा ठरायचा ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. सदराच्या पत्त्यावर पाठवा. आहे तसा, खोडलेल्या ओळींसकट.

तुमची,
सदरलेखिका